वाटाड्या यंत्र आणि गावांची नावे

मोटारीतील वाटाड्या यंत्र सुरू केले की ते आपल्याला एकच प्रश्न विचारते: कोठे जावयाचे आहे? आपण कोठे आहोत हे त्याला सांगावे लागत नाही, कोणत्या रस्त्याने जावे हेही ते आपल्याला विचारीत नाही. पण जेथे पोहोचावयाचे त्या जागेचे नाव मात्र त्याला माणसाकडूनच घ्यावे लागते. आता नाव सांगणे म्हणजे काय मोठेसे, असे वाचकांस वाटेल. आम्हांसही तसेच वाटत होते. २०११ सालच्या उन्हाळ्यात तीन-चार देशांतून मोटारीने प्रवास करण्याचा योग आला तेव्हापासून मात्र ह्या प्रश्नाकडे आम्ही जरा आदराने पाहू लागलो आहोत.

उन्हाळ्यात जर्मनीतील धर्मग्रामांचे प्रमुख धर्मगुरू रजेवर जातात आणि त्यांच्या जागी महिना-दीड महिना काम पाहावयास परदेशी धर्मगुरूंना बोलाविण्याची तेथे रीत आहे. त्या निमित्ताने आमचा मुक्काम बव्हेरियातील एका खेड्यात होता. सेमिनरीतील आमचे एक सहाध्यायी त्याच भागात बरीच वर्षे सेवा करीत होते. त्यांच्यापाशी एक जुनी मोटार होती, आणि तिच्या पुढच्या काचेला रबरी चकतीने चिकटविलेले, पोस्टकार्डाहून लहान असे हे यंत्र होते. जर्मन लोक त्याला लाडाने 'नावी' म्हणतात. सेमिनरीत लॅटिन घोकलेल्या माणसाला हा शब्द ऐकून बरे वाटल्यावाचून राहत नाही. लॅटिनमध्ये 'नाविस' म्हणजे नौका आणि 'आगेरे' म्हणजे हाकणे. त्या दोहोंपासून नॅव्हिगेशन झाले. आपल्या संस्कृतातील 'नौ' हा शब्द आणि 'अज्' हा धातू हे त्यांचेच भाऊबंद. पुढे २०१६ साली भारताने स्वतःच्या मार्गनिर्देशक उपग्रहांपैकी सातवा उपग्रह सोडला आणि त्या व्यवस्थेला 'नाविक' हे नाव दिले, तेव्हा एक जुना शब्द जगाची फेरी करून घरी परतला असे आम्हांस वाटले. मोटार डांबरावर धावते, शब्द अजून पाण्यावरच आहे! आमच्या किनाऱ्यावरील कोळी बांधवांस ह्याचे नवल वाटणार नाही. मोटारवाल्यांच्या आधी असे यंत्र त्यांच्या होडीवर चढले होते.

ह्या यंत्राविषयी एक गैरसमज चांगल्या शिकलेल्या माणसांतही आढळतो. त्यांना वाटते, वरून कोणीतरी आपल्याकडे टक लावून पाहत आहे. वस्तुतः सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे ते उपग्रह आपल्याला पाहत नाहीत की ऐकत नाहीत. 'मी अमुक, मी ह्या ठिकाणी आहे, आता इतके वाजले,' एवढेच ते अखंड सांगत असतात. निदान चार उपग्रहांचे हे सांगणे ऐकून, कोणाचा निरोप किती उशिरा पोहोचला ह्यावरून यंत्र आपली जागा गणिताने काढते. त्या उपग्रहांवरील आण्विक घड्याळे जमिनीवरील घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. आइन्स्टाइनच्या सिद्धान्तानुसार ही तफावत दुरुस्त केली नाही, तर एका दिवसात कित्येक किलोमीटरांची चूक साचेल. तात्पर्य, उपग्रहाला आपण ठाऊकही नसतो. (आजचे फोन आपली वाट कोणकोणास कळवितात ही गोष्ट निराळी, आणि तिला उपग्रह जबाबदार नाहीत.)

ही व्यवस्था मुळात अमेरिकन सैन्याची. १९८३ साली कोरियाचे एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि ते पाडण्यात आले. २६९ माणसे मेली. त्यानंतर अध्यक्ष रेगन ह्यांच्या सरकारने ही व्यवस्था नागरिकांसही खुली होईल असे जाहीर केले. तरीसुद्धा कित्येक वर्षे नागरी यंत्रांना मिळणारा संकेत मुद्दाम अंधुक ठेवला जाई, त्यामुळे शंभर मीटरपर्यंत चूक होई. मे २००० मध्ये अध्यक्ष क्लिंटन ह्यांच्या आदेशाने तो पडदा दूर झाला, आणि ह्या गल्लीत वळा, त्या गल्लीत नको, असे सांगणारा वाटाड्या सामान्य माणसाच्या मोटारीत येऊ शकला.

आता आमच्या प्रवासाकडे वळू. पादुआ येथे संत अंतोनीच्या समाधीचे दर्शन घ्यावे, आणि परतताना स्वित्झर्लंडमधून यावे, असा बेत ठरला. हरवलेली वस्तू शोधून देणाऱ्या ह्या संताकडे जाताना तरी वाट हरवू नये, असे आमचे सहाध्यायी थट्टेने म्हणाले. त्यांनी यंत्रात 'पादुआ' अशी अक्षरे भरली. यंत्राने तोंड फिरविले. ह्या नावाचे शहर त्याला ठाऊक नव्हते. जर्मन आणि इंग्रज त्या शहराला पादुआ म्हणतात, आपणही त्यांच्यामागून तसेच म्हणतो. पण गावकरी म्हणतात 'पादोवा', आणि त्या यंत्राने गावकऱ्यांचीच बाजू घेतली होती. गंमत अशी की, खुद्द संताच्या नावालाही हाच तिढा आहे. पोर्तुगीज लोक त्याला लिस्बनचा अंतोनी म्हणतात, कारण तो तेथे जन्मला. इटालियन लोक पादुआचा म्हणतात, कारण १२३१ साली त्याने तेथे देह ठेवला. गोव्याला आणि वसईला तो पोर्तुगिजांच्या गलबतातून आला, तरी येथे तो पादुआचाच झाला. यंत्राने नव्हे, भक्तांनी ठरविलेला हा पत्ता आहे.

युरोपात नावांची ही गुंतागुंत पावलोपावली भेटते. बेल्जियममधील एकच शहर फ्रेंच भाषेत 'लिएज', फ्लेमिशमध्ये 'लाउक' आणि जर्मनमध्ये 'ल्युटिख' असते, आणि त्या देशात भाषेची सीमा ओलांडली की महामार्गावरच्या पाटीवर ते आपला वेष बदलते. इटालियन भाषेत 'मोनाको' म्हणजे भूमध्य समुद्राकाठचे चिमुकले संस्थान, आणि 'मोनाको' म्हणजेच म्युनिक शहर; घोळ टाळावयाचा तर 'बव्हेरियातील मोनाको' असे म्हणावे लागते. २००९ साली स्वीडनमधील एक जोडपे काप्री ह्या रम्य बेटावर जावयास निघाले होते. यंत्रात दोन अक्षरांची उलटापालट झाली, आणि ते सुमारे साडेसहाशे किलोमीटर दूर, इटलीच्या उत्तर भागातील कार्पी नावाच्या औद्योगिक गावी पोहोचले. तेथील पर्यटन कार्यालयात जाऊन त्यांनी काप्रीच्या सुप्रसिद्ध निळ्या गुहेची चौकशी केली तेव्हा कोठे उलगडा झाला. बेटावर पोहोचण्यापूर्वी समुद्र कसा लागला नाही, हे त्यांच्या ध्यानी आले नाही म्हणून जग त्यांना हसले. पण हसण्यापूर्वी आपण वसईकरांनी आपला इतिहास आठवावा. पोर्तुगिजांचे 'बासाईं', इंग्रजांचे 'बेसिन' आणि आपली वसई ही एकच. आणि इंग्रजांच्या राज्यात 'बेसिन' नावाचे दुसरे एक बंदर ब्रह्मदेशात होते, जे आज पाथेन म्हणून ओळखले जाते. त्या काळी हे यंत्र असते तर वसईचे किती पाहुणे इरावतीच्या मुखाशी उतरले असते, कोण जाणे!

ऑस्ट्रियाच्या हद्दीत शिरण्यापूर्वी आम्ही पेट्रोलपंपावर थांबून महामार्गाच्या कराची चिकटपट्टी घेतली आणि काचेला लावली. जर्मनीत मोटारींना असा कर नव्हता, ऑस्ट्रियात हवा, स्वित्झर्लंडमध्ये वर्षाची घ्यावी लागते आणि इटलीत नाक्यानाक्यावर टोल. यंत्राला ह्यांतले थोडे कळे, थोडे कळत नसे. यंत्रातील बाई मात्र सर्व देशांत एकाच संथ, न रागावणाऱ्या सुरात बोले. इन्सब्रुक मागे पडल्यावर रस्ता उंच चढू लागतो. दरीच्या तळापासून १९० मीटर उंच असा 'युरोप पूल' लागतो. तो १९६३ साली पुरा झाला. आणि मग १,३७० मीटर उंचीवर ब्रेनरची खिंड येते. तेथे ऑस्ट्रिया संपतो व इटली सुरू होतो.

सीमा ओलांडली तेव्हा यंत्राने एक चकार शब्द काढला नाही. पडद्यावर एक बारीक रेघ आली, बाणाने ती ओलांडली, झाले! एप्रिल १९९८ पर्यंत तेथे अडसर होता, पासपोर्ट दाखवावा लागे. आम्ही गेलो तेव्हा कोणी खिडकीची काच खाली करावयासही सांगितले नाही. आपल्या उपखंडातील माणसाला हे पाहून क्षणभर सुन्न व्हावयास होते. आणि त्या रेघेची हकीकत वाचली की अधिकच.

पहिल्या महायुद्धापूर्वी ही खिंड सीमा नव्हतीच. डोंगराच्या दोन्ही अंगांस टिरोल हा एकच प्रांत होता, आणि दक्षिणेकडच्या दऱ्यांतही बहुतेक लोक जर्मन बोलत. १९१९ च्या तहाने हा दक्षिण टिरोल इटलीस मिळाला. मुसोलिनीची सत्ता आल्यावर तेथील माणसांना इटालियन करण्याची मोहीम निघाली, आणि तिचा प्रारंभ गावांच्या नावांपासून झाला. एत्तोरे तोलोमेई नावाच्या गृहस्थांनी गावे, डोंगर, ओढे ह्यांच्या हजारो इटालियन नावांची यादी १९१६ सालीच तयार करून ठेविली होती. मार्च १९२३ मध्ये तीच नावे कायद्याने अधिकृत झाली. त्यांतील सर्वच खोटी होती असे नव्हे. 'बोत्सन'चे 'बोल्त्सानो' इटालियन लोकांत पूर्वीपासून रूढ होते. काही नावांना शेवटी केवळ एक स्वर चिकटविला गेला, काहींचे सरळ भाषांतर झाले, आणि काही रोमन काळाच्या अडगळीतून उकरून काढण्यात आली. 'श्टेर्त्सिंग' नावाचे गाव एके सकाळी 'विपितेनो' झाले, ते असेच. शाळांतून जर्मन भाषा हद्दपार झाली. थडग्यांच्या दगडावर जर्मन अक्षरे कोरण्यासही मनाई झाली. तेव्हा मिखाएल गाम्पर नावाच्या एका धर्मगुरूंनी घराघरांतून, कोठारांतून, लपूनछपून जर्मन शिकविणाऱ्या शाळा चालविण्यास चालना दिली. पहिल्या ख्रिस्ती लोकांच्या भुयारांवरून त्या शाळांना 'काटाकोम्ब शाळा' म्हणत. ज्या मुलींनी त्या चालविल्या त्यांतील कित्येकींना पोलिसांचा जाच सोसावा लागला.

युद्ध संपल्यावर, ५ सप्टेंबर १९४६ रोजी इटलीचे पंतप्रधान आल्चिदे दे गास्पेरी आणि ऑस्ट्रियाचे परराष्ट्रमंत्री कार्ल ग्रुबर ह्यांनी पॅरिस येथे करार केला. त्यात दोन्ही भाषांतील नावांना मान्यता देण्याचे ठरले. दे गास्पेरी स्वतः त्रेन्तोकडचे, म्हणजे ऑस्ट्रियाच्या जुन्या साम्राज्यात जन्मलेले. १९११ साली ते व्हिएन्नाच्या संसदेत निवडून गेले होते. एकाच आयुष्यात दोन राष्ट्रांच्या संसदांत बसलेला माणूस हा करार करू शकला, ह्याचे आम्हांस नवल वाटत नाही. करार मात्र कागदावरून दगडावर उतरावयास फार वेळ लागला. प्रांतास खरीखुरी स्वायत्तता १९७२ साली मिळाली, आणि डोंगरवाटांवरील पाट्यांवर कोणते नाव असावे ह्याविषयीचे भांडण एकविसाव्या शतकातही चालूच राहिले.

आम्ही त्या श्टेर्त्सिंगला, की विपितेनोला, दुपारच्या जेवणास थांबलो. यंत्राच्या पडद्यावर एक नाव होते. गावाच्या पाटीवर दोन होती, एकाखाली एक. खाणावळीची मालकीण पंचाहत्तरीच्या घरातली असावी. आमचे सहाध्यायी तिच्याशी जर्मनमध्ये बोलले, आणि बोलण्याच्या ओघात यंत्र गावाला काय म्हणते तेही त्यांनी सांगितले. तिने ताटे उचलता उचलता म्हटले, "माझे वडील श्टेर्त्सिंगमध्ये जन्मले आणि विपितेनोमध्ये शाळेत गेले. घर तेच होते." तिच्या स्वरात राग नव्हता. मग तिने पलीकडच्या टेबलावरच्या कुटुंबाला अस्खलित इटालियनमध्ये गोड पदार्थांची नावे सांगितली, आणि आमच्याकडे वळून पुन्हा जर्मनमध्ये हिशेब केला. यंत्र बनविणाऱ्यांपुढे अशा जागी केवढा पेच उभा राहत असेल! जे नाव आधी लिहावे त्या नावाच्या बाजूने मत दिल्यासारखे होते. आपल्याकडे बेळगावच्या पाटीवर काय लिहावे ह्यावरून जी डोकी तापतात ती पाहिलेल्या वाचकांस हे निराळे सांगावयास नको.

पुढे ब्रिक्सन, बोत्सन, त्रेन्तो ओलांडून आम्ही व्हेरोनाला डावे वळण घेतले. यंत्रातील बाईचे उच्चार आता फारच विनोदी झाले. ती जर्मन बाई 'विचेन्झा' ह्या शहराला 'वित्सेन्त्सा' म्हणू लागली, आणि आमचे सहाध्यायी हसत म्हणाले, "अरे, हिला जरा गप्प कर, नाहीतर इटालियन लोक आपल्याला टोल दुप्पट लावतील."

पण खरी अडचण पादोवाच्या वेशीवर आली. त्या काळी ह्या यंत्रांत सगळे जग भरलेले नसे. देशांचे नकाशे गटागटाने विकत मिळत, आणि आमच्या यंत्रात जर्मनी, ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंड एवढेच तपशीलवार होते. अन्य देशांचे केवळ महामार्ग. महामार्ग सोडताच पडद्यावरील रस्ते, घरे, चौक, सारे नाहीसे झाले. एका राखी पटलावर आमच्या मोटारीचा बाण एकटाच सरकत होता. आपण कोठे आहोत हे यंत्राला त्याही क्षणी अगदी अचूक ठाऊक होते. अक्षांश-रेखांश विचारले असते तर त्याने दशांशापर्यंत सांगितले असते. मात्र त्या ठिकाणी आजूबाजूस काय आहे, ह्याचा त्याला गंधही नव्हता. अंतराळातील सर्व उपग्रह आपापली वेळ नेमाने सांगत होते, आणि समोरचा चौक डावीकडे घ्यावा की उजवीकडे, हे सांगणारे कोणी नव्हते.

मोटार कडेला घेऊन आम्ही एका वृद्ध गृहस्थांना थांबविले. सायकलच्या पुढच्या टोपलीत त्यांची भाजी होती. सेमिनरीच्या लॅटिनला चार इटालियन शब्दांची फोडणी देऊन आम्ही 'संत अंतोनीची बॅसिलिका' असे काहीसे विचारले. त्यांनी भुवया उंचावल्या, मग एकदम चेहरा उजळून म्हणाले, "आ, इल सान्तो!" पादोवाचे लोक त्या मंदिराला केवळ 'सान्तो', म्हणजे 'संत', एवढेच म्हणतात. नाव घ्यावेच लागत नाही. एवढ्या संतांच्या देशात, त्या गावापुरता संत एकच! रस्त्यावरील पाट्यांवरही तेवढेच लिहिलेले पुढे आम्हांस दिसले. त्या गृहस्थांनी हातवारे करून सांगितले की मोटार येथेच ठेवा. जुन्या शहरात बाहेरच्या मोटारींना मज्जाव आहे, कॅमेरा चित्र काढतो आणि दंडाचे पत्र घरी येते. तेवढे सांगून ते थांबले नाहीत. सायकल हाताने ढकलीत ते आमच्याबरोबर दोन चौक चालत आले, घुमट दिसू लागले तेव्हा बोटाने दाखविले, आणि आमचे आभार पुरते ऐकून न घेताच भाजी घेऊन परतले.

परतीच्या वाटेवर स्वित्झर्लंड होता. त्या देशाच्या सीमेआधीच एक निराळे काम उरकावे लागले. वेग मोजणारे कॅमेरे रस्त्यात कोठे आहेत, हे आगाऊ सांगण्याची सोय पुष्कळ यंत्रांत असते. एकच बाई, एकच आवाज, पण ती जे बोलते ते एका देशात सेवा आणि दुसऱ्या देशात गुन्हा! इटलीत व ऑस्ट्रियात कॅमेऱ्यांच्या जागांची यादी यंत्रात चालते. जर्मनीत मोटार हाकणाऱ्याने ती वापरणे निषिद्ध आहे. स्वित्झर्लंडमध्ये तर असे साधन नुसते बरोबर बाळगणेही शिक्षेस पात्र ठरते. फ्रान्सने पुढे, २०१२ च्या जानेवारीत, ह्यावर एक चतुर तोडगा काढला. तेथे यंत्राने कॅमेऱ्याची जागा सांगावयाची नाही. 'धोक्याचा टापू' एवढेच सांगावयाचे, आणि हा टापू महामार्गावर चार किलोमीटर लांबीचा असू शकतो. नीतिशास्त्राच्या वर्गात आम्हांस अर्धसत्यावर आठवडाभर व्याख्याने ऐकावी लागली होती. फ्रेंच सरकारने तो विषय एका नियमात संपविला. आमच्या सहाध्यायांनी ती यादी जर्मनीतच काढून टाकलेली होती. तरी सीमेपाशी त्यांनी पुन्हा एकदा खात्री करून घेतली, कारण स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही आणि तेथे जकात अधिकारी अजून उभे असतात. पुढे गोट्टहार्डच्या सोळा-सतरा किलोमीटर लांब बोगद्यात शिरताच उपग्रहांचा आवाज तुटला. बाण तरीही पुढे सरकतच राहिला. मागील वेगावरून यंत्र अंदाज बांधीत होते, हे आम्हांस नंतर समजले. आम्ही रहदारीत थांबलो तेव्हा पडद्यावरची आमची मोटार आमच्यावाचून बोगद्याबाहेर निघून गेली.

२०१३ च्या जानेवारीत बेल्जियममधील एका ६७ वर्षांच्या बाईंची बातमी जगभर छापून आली. पाहुण्यास आणावयास त्या ब्रुसेल्सच्या स्थानकाकडे निघाल्या आणि यंत्र सांगेल तसे जात जात सुमारे १,४५० किलोमीटरांवर क्रोएशियातील झाग्रेब येथे पोहोचल्या. मध्ये दोनदा पेट्रोल भरले म्हणतात, मोटारीतच झोप घेतली म्हणतात. पाट्या फ्रेंचच्या जर्मन झाल्या, जर्मनच्या स्लाव झाल्या, तरी त्या पुढे जातच राहिल्या. लोकांनी त्यांची फार टवाळी केली. आम्हांस ती रुचली नाही. आमच्या सेमिनरीत घंटा वाजली की ती देवाचीच वाणी समजावी अशी शिकवण होती. लिहिता लिहिता अक्षर अर्धे टाकून उठावे. आज्ञापालनात एक विसावा असतो, आणि तो विसावा मनाला केवढा हवाहवासा वाटतो, हे ज्याने चाखले आहे तो त्या बाईंना हसणार नाही. परंतु सेमिनरीत आम्हांस आणखी एक शिकविले जाई: आज्ञा देणाऱ्याला आज्ञेचा जाब द्यावा लागतो. यंत्रातील बाईला कोणापुढे जाब द्यावा लागत नाही. 'शक्य असेल तेथे माघारी वळा,' असे ती ज्या सुरात म्हणते, त्याच सुरात 'आपण पोहोचला आहात' असेही म्हणते.

आता ते काचेला चिकटणारे यंत्र जवळजवळ दिसेनासे झाले आहे. त्याची विद्या प्रत्येकाच्या फोनात शिरली, नकाशेही फुकट झाले, आणि राखी पटल सहसा कोणास दिसत नाही. आमच्या धर्मग्रामात मुंबईहून येणारी वरात असो की सामान पोहोचविणारा मुलगा, वाट कोणी विचारीत नाही. नाक्यावरच्या दुकानदाराची ह्याबद्दल तक्रार आहे. दिवसाकाठी चार माणसे तरी वाट विचारावयास थांबत आणि त्यांतला एखादा काहीतरी विकत घेई.

गेल्या पावसाळ्यात रात्री अकराच्या सुमारास आम्हांस टोरंटोहून फोन आला. बोलणारा मूळचा आमच्याच धर्मग्रामातला. वडील येथे अत्यवस्थ होते, घरी वृद्ध आई एकटी. "फादर, तुम्ही इथे नवीन आहात, मी लोकेशन पाठवतो," असे म्हणून त्याने उपग्रहाच्या चित्रात आपल्या घराचे छप्पर शोधून त्यावर खूण करून पाठविली. बारा हजार किलोमीटरांवरून बापाचे कौलारू घर धुंडाळणाऱ्या त्या मुलाची बोटे कशी थरथरत असतील, हे आम्हांस त्याच्या आवाजावरून कळत होते. पवित्र तेलाची डबी घेऊन आम्ही निघालो. शेजारचा एक तरुण मोटार हाकीत होता. बाण आम्हांस एका उंच कुंपणाच्या भिंतीशी घेऊन गेला आणि म्हणाला, पोहोचलात. भिंतीपलीकडे नवी इमारत उभी राहिली होती आणि जुनी पायवाट बुजली होती. आळीत त्याच आडनावाची नऊ घरे.

आम्ही मुलाला परत फोन लावला आणि विचारले, "घराला गावात काय म्हणतात?"

पलीकडे क्षणभर शांतता होती. मग तो म्हणाला, "बावखलावरचे. आजोबांपासून सगळे बावखलावरचेच म्हणतात."

गाडी चालविणारा तरुण ते ऐकताच म्हणाला, "मग आधी सांगायचं ना, फादर," आणि त्याने फोन खिशात टाकून मोटार मागे घेतली. क्रुसाजवळून आत, पाण्याच्या कडेने, आम्ही चार मिनिटांत दारात होतो. ओट्यावर दिवा होता. म्हातारबुवा शुद्धीवर होते.